लॅपटॉपवर एमव्हीएस ३.८जे: पहिल्या आयपीएलपासून स्वतःच्या युजरमॉडपर्यंत

मेनफ्रेमची नक्कल करणारा हर्क्युलिस हा प्रोग्रॅम चालू करून एमव्हीएस ३.८जे या आयबीएमच्या जुन्या मेनफ्रेम प्रणालीचा लॉगऑनचा पडदा समोर आणणं आता अवघड राहिलेलं नाही. तयार पॅकेज मिळतं, ते उघडायचं, स्क्रिप्ट चालवायची, झालं. गोंधळ सुरू होतो तो त्यानंतर, म्हणजे त्या सिस्टिममध्ये आपल्याला हवे तसे बदल करायला गेलं की. ही प्रणाली फक्त फाइल बदलली म्हणून बदलत नाही. कोणत्या मॉड्यूलवर कोणता बदल लागलाय याची तिची स्वतःची नोंदवही असते. त्या नोंदवहीत एक आणि डिस्कवर दुसरंच असं झालं, की चूक शोधण्यात शनिवार-रविवार जातो. म्हणून या लेखात सिस्टिम चालू करण्यापेक्षा (त्याला आयपीएल म्हणतात) तिच्यात बदल करण्यावर (स्वतःच्या अशा बदलाला युजरमॉड म्हणतात) आणि बदल मागे घेण्यावर जास्त जागा दिली आहे.

एक सूचना आधीच: कमांड आणि संदेश मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. कीबोर्डवर ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे, आणि जेसीएल (जॉब कसा चालवायचा ते सांगणारी भाषा) असेल तर कॅपिटल अक्षरांतच.

१. हाताशी काय हवं

- हर्क्युलिस एम्युलेटर. १९९९ पासून चालत आलेला हा प्रकल्प सिस्टिम/३७०, ईएसए/३९० आणि झेड/आर्किटेक्चर या तिन्ही यंत्रांची नक्कल करतो. नव्या माणसाने हायपेरियन ही ४.एक्स शाखा घ्यावी.
- ३२७० टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅम. लिनक्स आणि मॅकवर एक्स३२७० किंवा सी३२७०, विंडोजवर डब्ल्यूसी३२७०. साध्या टेलनेटने भागत नाही.
- तयार म्हणजे टर्नकी सिस्टिम: टीके४-, टीके५ किंवा एमव्हीएस/सीई.
- टॅबऐवजी खऱ्या रिकाम्या जागा टाकणारा आणि रकान्याचा आकडा दाखवणारा टेक्स्ट एडिटर.
- बिटसेव्हर्स या जुन्या संगणक-कागदपत्रांच्या ऑनलाइन संग्रहातली ओएस/व्हीएस२ ची, म्हणजे एमव्हीएसची, माहितीपुस्तकं. निदान चार उतरवून ठेवा: जेसीएल, युटिलिटीज, सिस्टिम मेसेजेस आणि एसएमपी (बदलांची नोंदवही ठेवणारा प्रोग्रॅम).

यंत्र कसलंही चालतं, रास्पबेरी पायसुद्धा. एमव्हीएस ३.८ चे पत्ते २४ बिटांचे, त्यामुळे तिला १६ मेगाबाइटच्या पलीकडची मेमरी दिसतच नाही. मेमरीचा आकडा वाढवत बसू नका.

२. कोणती सिस्टिम घ्यायची, कोणती नाही

आयबीएमने १९६९ मध्ये सॉफ्टवेअर वेगळं विकण्याचं धोरण जाहीर केलं, तरी मूळ सिस्टिम कंट्रोल प्रोग्रॅम पुढची काही वर्षं विनाशुल्कच दिला जात होता. एमव्हीएसची ३.८जे ही त्या परंपरेतली शेवटची पायरी. ओएस/३६०, व्हीएम/३७० रिलीज ६ आणि डॉस/व्हीएस रिलीज ३४ याच गटात येतात, म्हणून छंदाची माणसं यांच्यावरच काम करतात.

झेड/ओएसची कुठून तरी मिळालेली डिस्क-प्रत हर्क्युलिसवर चालेलही, पण तिचा परवाना तुमच्याकडे नसतो. त्या वाटेला जाऊ नका. आजचं झेड/ओएस शिकायचंच असेल तर आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा मोफत शिक्षणक्रम आहे.

तिन्ही टर्नकींमधली निवड कशी करायची? टीके४- वर सर्वात जास्त लिहिलं गेलंय, अडलात तर उत्तर सापडतं. टीके५ तिची पुढची पिढी. एमव्हीएस/सीई त्या मानाने साधी, उघडीवाघडी आहे आणि सगळी स्क्रिप्टमधून पुन्हा बांधता येते. माझं मत विचाराल तर टीके४- ने सुरुवात करा आणि युजरमॉडची चटक लागली की एमव्हीएस/सीईकडे वळा. पुढची उदाहरणं टीके४- ची आहेत.

३. पहिला आयपीएल

पॅकेज उघडलेल्या फोल्डरमध्ये ‘एमव्हीएस’ नावाची स्क्रिप्ट असते. ती चालवली की हर्क्युलिस सुरू होऊन १४८ पत्त्यावरच्या डिस्कवरून आयपीएल होतं. सगळं स्थिरावलं की टर्मिनल लोकलहोस्टच्या ३२७० पोर्टला जोडा. लॉगऑनसाठी टीके४- मध्ये हर्क०१ हा सर्वाधिकारी वापरकर्ता आहे आणि त्याचा पासवर्ड पॅकेजच्या माहितीत दिलेला असतो. रोजच्या खेळासाठी हर्क०३ किंवा हर्क०४ वापरा आणि हर्क०१ फक्त सिस्टिमच्या कामासाठी राखून ठेवा.

टर्मिनलवर नव्यांना अडवणाऱ्या गोष्टी अगदी क्षुल्लक असतात. पडद्यावर नुसते तीन तारे दिसले तर सिस्टिम अडकलेली नाही, ती एंटरची वाट बघतेय. खालच्या ओळीत एक्स येऊन टाइप होईनासं झालं तर रिसेट दाबा. चालू कमांड तोडायची असेल तर पीए१. या तिन्ही कळा तुमच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये कुठे आहेत हे आधीच बघून घ्या.

संदेश वाचायला शिकणं याहून महत्त्वाचं. संदेशाची पहिली अक्षरं तो कुणाकडून आला ते सांगतात: आयईए सिस्टिमच्या गाभ्याकडून, आयईएफ जॉब चालवणाऱ्याकडून, आयकेजे टर्मिनलवरची सत्रं सांभाळणाऱ्या टीएसओकडून, डॉलर-हॅस्प जॉबची रांग आणि आउटपुट सांभाळणाऱ्या जेईएस२ कडून. शेवटचं अक्षर निकड सांगतं. आय असेल तर नुसती माहिती, ए असेल तर तुम्ही काहीतरी करायचं आहे, डी असेल तर निर्णय द्यायचा आहे. कन्सोलवर शेकडो ओळी पळत असताना फक्त ए आणि डी ने संपणाऱ्या शोधायच्या.

स्क्रिप्टशिवाय हाताने आयपीएल केलं तर असे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला आयईए१०१ए, म्हणजे सिस्टिमचे पॅरामीटर सांगा. दुसरा डॉलर-हॅस्प४२६, म्हणजे जेईएस२ कसं उठवायचं ते सांगा. दुसऱ्याला एरवी ‘नोरेक’ एवढंच उत्तर द्या. ‘फॉरमॅट’ म्हटलंत तर स्पूल कोरं होतं आणि रांगेतले जॉब, न पाहिलेलं आउटपुट सगळं जातं.

४. बंद करणं

खिडकीचा फुलीचा बटण दाबून हर्क्युलिस बंद करू नका. सिस्टिम लिहीत असलेली डिस्क अर्धवट राहते. टीके४- मध्ये हर्क०१ म्हणून शटडाउन कमांड देऊन लॉगऑफ केलं की पुढचं ती आपोआप करते. हाताने करायचं तर हर्क्युलिसच्या कन्सोलवर प्रत्येक कमांडच्या आधी तिरकी रेघ द्यायची, म्हणजे ती एमव्हीएसकडे जाते. क्रम असा: आधी टीएसओ थांबवा, मग ‘झेड नेट, क्विक’ ने व्हीटॅम (टर्मिनल जोडणारा भाग), मग ‘डॉलर पी जेईएस२’, मग ‘झेड ईओडी’, आणि सगळं शांत झालं की तिरक्या रेघेशिवाय ‘क्विट’. जेईएस२ थांबायला नकार देत असेल तर कुठला तरी जॉब किंवा इनिशिएटर (जॉब चालवणारा भाग) चालू आहे. ‘डॉलर डी ए’ ने तो दिसतो.

वीज गेली किंवा यंत्र गोठलं, तर पुन्हा चालू करण्यापूर्वी संक्षिप्त स्वरूपातल्या डिस्कवर सीसीकेडीसीडीएसके ही तपासणी चालवा.

५. परतीची वाट आधी बांधा

सर्वात सोपा बॅकअप म्हणजे सिस्टिम नीट बंद करून डिस्कच्या फाइली असलेल्या डीएएसडी फोल्डरची प्रत काढणं. चालू सिस्टिमच्या डिस्कची प्रत काढू नका. प्रत निघते, पण तिच्यातली एक डिस्क आधीच्या क्षणाची आणि दुसरी नंतरच्या क्षणाची असते.

रोजच्या प्रयोगांसाठी शॅडो फाइल उत्तम. मूळ डिस्क केवळ वाचनासाठी राहते आणि नवे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातात. हर्क्युलिसच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक डिस्कच्या ओळीवर ‘एसएफ=’ लिहून शॅडो फाइलची जागा द्यायची. तो फोल्डर आधी तयार असायला हवा. मग एमव्हीएस बंद असताना कन्सोलवर ‘एसएफ+*’ दिलं की सगळ्या डिस्कवर नवा थर चढतो. ‘एसएफडी’ ने थर दिसतात.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्ही महागात पडतात.

‘एसएफ-’ चा अर्थ ‘बदल फेकून दे’ असा नाही. पुढे काही लिहिलं नाही तर हर्क्युलिस वरचा थर खालच्यात मिसळून टाकतं, म्हणजे नको असलेला प्रयोग कायमचा होतो. फेकायचाच असेल तर शेवटी ‘नोमर्ज’ लिहायलाच हवं.

दुसरा सापळा सूक्ष्म आहे. सिस्टिमची लायब्ररी एका डिस्कवर असते आणि एसएमपीची नोंदवही दुसऱ्या. फक्त १४८ ची शॅडो फेकलीत तर मॉड्यूल जुनं परत येतं, पण एसएमपी छातीठोकपणे सांगत राहतं की बदल लागलेला आहे. म्हणून थर चढवायचे तेही सगळ्या डिस्कवर एकदम आणि उतरवायचे तेही एकदम.

६. पहिला बदल पार्मलिबमध्ये करा

असेंब्लर येत नसलं तरी सिस्टिम आपल्या मनाजोगी करण्याची ही जागा आहे. एसवायएस१.पार्मलिब मध्ये सिस्टिम उठताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग असतात. आयईएएसवायएस००, कमांड००, लिंकलिस्टची (प्रोग्रॅम शोधायच्या लायब्ररींची) यादी अशी ती मेंबरं. कमांड०० मध्ये सिस्टिम उठल्यावर कोणत्या कमांड आपोआप द्यायच्या ते लिहिलेलं असतं, पहिल्या हात-सरावाला ते बरं. एक ओळ घाला, आयपीएल करा, कन्सोलवर ती चाललेली बघा.

आयईएएसवायएस०० ला मात्र थेट हात लावू नका. त्यात चुकीचा पॅरामीटर गेला तर सिस्टिम उठणारच नाही, आणि न उठलेल्या सिस्टिममधली फाइल दुरुस्त करायला एडिटर कुठून आणणार? त्याची प्रत आयईएएसवायएस०१ नावाने करा, बदल तिच्यात करा, आणि आयईए१०१ए च्या प्रश्नाला ‘एसवायएसपी=०१’ असं उत्तर द्या. बिघडलं तर पुढच्या आयपीएलला नेहमीचं उत्तर दिलं की जुनी सिस्टिम परत.

केलेला बदल कधी दिसेल हे तो कुठे केलाय त्यावर ठरतं. एलपीएलिबमध्ये (मेमरीत ठेवल्या जाणाऱ्या मॉड्यूलची लायब्ररी) बदललेलं मॉड्यूल ‘सीएलपीए’ (तो मेमरीतला भाग नव्याने बांध, असा पॅरामीटर) देऊन आयपीएल केल्याशिवाय वापरात येत नाही. लिंकलिबमधलं एरवी लगेच येतं, पण ते मॉड्यूल आधीच मेमरीत ठेवलेल्या बीएलडीएल यादीत असेल तर पुढच्या आयपीएलपर्यंत जुनंच चालतं. ‘मी बदललं पण काही झालंच नाही’ या तक्रारींपैकी कितीतरी इथे मिटतात.

७. जॉब पाठवणं आणि ऐंशी रकाने

टीके४- मध्ये कार्ड रीडर ३५०५ पोर्टवर ऐकत असतो. टेक्स्ट फाइल नेटकॅटने तिथे ढकलली की ती पंच कार्डांचा गठ्ठा समजून वाचली जाते. आउटपुट पीआरटी फोल्डरमध्ये ००ई प्रिंटरच्या टेक्स्ट फाइलमध्ये उमटतं. या वाटेने येणाऱ्या जॉबच्या पहिल्या कार्डावर युजर आणि पासवर्ड द्यावे लागतात, नाहीतर राखफ ही सुरक्षाव्यवस्था आडवी येते. टीएसओमधून सबमिट केलं तर ते आपोआप भरले जातात. मेसेज लेव्हल (१,१) ठेवा, म्हणजे डेटासेट कुठे मिळाले आणि कुठे नाही ते छापलं जातं.

कार्ड ऐंशी रकान्यांचं. जेसीएल पहिल्या ७१ रकान्यांत संपलं पाहिजे, ७२ वा पुढच्या ओळीवर चालू असल्याची खूण, ७३ ते ८० क्रमांकांसाठी. इतकं कळलं तरी पुढच्या गोष्टी घोळ घालतात:

- वेबपानावरून नक्कल केलेल्या मजकुरात वाकडी अवतरणचिन्हं येतात. दिसायला सारखीच, पण एब्सिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात त्यांना जागा नाही.
- टॅब. एडिटरमध्ये सगळं रांगेत दिसतं, कार्डावर नसतं.
- पहिल्या दोन रकान्यांत तिरकी रेघ आणि तारा आला की आत दिलेला डेटा तिथेच संपतो. पीएल/आय किंवा सी मधली टिप्पणी पहिल्या रकान्यापासून सुरू केली तर प्रोग्रॅम अर्धाच पोचतो. टिप्पणी एक रकाना आत घ्या, किंवा ‘डीडी डेटा’ आणि ‘डीएलएम’ वापरा.
- चौकोनी कंस, उभी रेघ आणि नकाराचं चिन्ह. एब्सिडिकच्या वेगवेगळ्या तक्त्यांत यांच्या जागा वेगळ्या आहेत. हर्क्युलिसचं कोडपेज आणि टर्मिनलचं कोडपेज जुळतंय ना, हे एका छोट्या फाइलने आधीच तपासा.

छंदी लोकांनी लिहिलेल्या बऱ्याचशा वस्तू एक्सएमआय या पॅक केलेल्या फाइलमध्ये मिळतात. सीबीटी टेप हा त्यांचा सर्वात मोठा साठा, कनेक्टिकटमधल्या एका बँकेत १९७५ मध्ये सुरू झालेला. एक्सएमआय नेहमी बायनरी पद्धतीनेच चढवायची, ८० लांबीच्या रेकॉर्डमध्ये, आणि मग रेसीव्ह३७० ने उलगडायची. टेक्स्ट म्हणून चढवलीत तर ती गेली.

८. पहिला युजरमॉड

लेखाचा गाभा हा. एमव्हीएस ३.८ मध्ये बदलांची नोंदवही ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव एसएमपी, आवृत्ती ४. त्याच्याकडे प्रत्येक वस्तूच्या दोन प्रती असतात: वितरण लायब्ररीतली मूळ प्रत आणि सिस्टिम प्रत्यक्षात चालवते ती टार्गेट लायब्ररीतली. पायऱ्या तीन. रिसीव्ह म्हणजे बदल एसएमपीच्या ताब्यात देणं, अप्लाय म्हणजे टार्गेट प्रतीवर लावणं, अॅक्सेप्ट म्हणजे मूळ प्रतीवरही चढवणं. रिस्टोअर केलं की लावलेला बदल निघतो, आणि तो निघतो वितरण लायब्ररीतल्या मूळ प्रतीच्या आधारे. यावरून उघड आहे की एकदा अॅक्सेप्ट केलं की रिस्टोअरला मागे जायला जागाच उरत नाही. स्वतःचे युजरमॉड अॅक्सेप्ट करू नका. वर्षभर बिनबोभाट चालले तरी नाही.

युजरमॉड ही खरं तर काही कार्डांची फाइल असते. पहिल्या कार्डावर दोन अधिक-चिन्हं, ‘युजरमॉड’, कंसात सात अक्षरांचं नाव, उदाहरणार्थ झेडयूएम०००१, आणि पूर्णविराम. तो पूर्णविराम विसरलात तर एसएमपी पुढचं कार्ड याच वाक्याचा भाग समजतं आणि चूक भलत्याच ओळीवर दाखवतं. दुसरं कार्ड ‘व्हर’: कंसात झेड०३८, म्हणजे एमव्हीएस ३.८, आणि पुढे एफएमआयडी, म्हणजे सिस्टिमच्या कोणत्या घटकासाठी. मूळ नियंत्रण प्रोग्रॅमसाठी तो ईबीबी११०२ असतो. त्यानंतर प्रत्यक्ष बदल.

बदल सोर्समध्ये असेल तर ‘सोर्स-अपडेट’ पद्धतीने देतात आणि इथे ७३ ते ८० हे रकाने अचानक महत्त्वाचे होतात. जुन्या सोर्सच्या प्रत्येक ओळीवर तिथे आठ आकडी क्रमांक असतो. ००४५०००० आणि ००४५२००० या ओळींच्या मध्ये नवी ओळ घालायची तर तिच्यावर ००४५१००० असा मधला क्रमांक लिहायचा. जुनाच क्रमांक दिलात तर ती ओळ बदलली जाते. आता तुमच्या आधुनिक एडिटरने ७२ नंतरचं सगळं छाटून टाकलं, किंवा रांग एका रकान्याने सरकवली, तर काय होईल ते सांगायला नको. फाइल पाठवण्यापूर्वी शेवटचे आठ रकाने डोळ्यांनी बघा.

बदल दोन-चार बाइटचा असेल तर झॅप. त्यात आधी ‘व्हर’ ओळीत मॉड्यूलच्या अमुक जागेवर आत्ता काय आहे ते लिहायचं आणि ‘रेप’ ओळीत तिथे काय हवं ते. पडताळणी जुळली नाही तर बदल होतच नाही. फार गुणी रचना आहे ही. व्हर ओळी आळसाने गाळू नका. एएमएएसपीझॅप थेट चालवूनही तोच बदल होतो, पण मग एसएमपीला त्याचा पत्ता नसतो आणि पुढे त्याच मॉड्यूलवर एखादा पीटीएफ (आयबीएमची दुरुस्ती) लावलात की तुमचा बदल चूपचाप पुसला जातो.

सरावासाठी आयईएफएसीटीआरटी हे एक्झिट छान. जॉबची प्रत्येक पायरी संपल्यावर सिस्टिम त्याला बोलावते. आयबीएमने दिलेली प्रत रिकामी होती, छंदी लोकांनी तिच्या जागी पायरीचं नाव, कंडिशन कोड आणि लागलेला वेळ छापणारी बसवली. तुमच्या टर्नकीमध्ये ती बहुधा आधीच आहे. तेव्हा तिचाच मजकूर बदलून बघा. बदल उघड दिसतो आणि चुकलं तर बहुधा तुमचे जॉबच पडतात, सिस्टिम उठते.

क्रम असा ठेवा:

अ) सिस्टिम बंद, सगळ्या डिस्कवर शॅडोचा नवा थर, पुन्हा आयपीएल.

आ) रिसीव्ह. कंडिशन कोड ०००० हवा.

इ) ‘अप्लाय चेक’. यात काहीच बदलत नाही, फक्त काय झालं असतं ते कळतं. इथे ‘प्री’ (आधी लागलेल्या बदलाचा उल्लेख) नाही अशी तक्रार आली तर त्याच वस्तूवर आधी दुसरा बदल लागलेला आहे. तो कोणता हे सूचीतून शोधा, दोन्ही सोबत नांदतील का ते बघा आणि मगच त्याचं नाव तुमच्या व्हर कार्डावर ‘प्री’ म्हणून घाला. तक्रार बंद करण्यासाठी बायपास वापरायचा मोह आवरा.

ई) खरं अप्लाय. ०००४ आला तर आउटपुट पूर्ण वाचा. त्यात लिंकेज एडिटरचे निरुपद्रवी इशारे असू शकतात किंवा एखादं मॉड्यूल न सापडल्याची बातमी.

उ) ‘लिस्ट सीडीएस’ ने (सीडीएस म्हणजे एसएमपीची नोंदवही) नोंद तपासा, गरज असेल तर सीएलपीएसह आयपीएल करा, आणि आयईएफबीआर१४ चालवणारा एक साधा जॉब पाठवा. तो प्रोग्रॅम काहीच करत नाही. म्हणूनच एक्झिटने छापलेला मजकूर तेवढा नजरेत भरतो.

९. बिघडलं की आधी इथे बघा

एसने सुरू होणारे कोड जॉब पडल्याचं कारण सांगतात. एस८०६: प्रोग्रॅम सापडला नाही. नाव चुकलंय किंवा स्टेपलिब (प्रोग्रॅम असलेली लायब्ररी) द्यायचं राहिलं. एस९१३: राखफने परवानगी नाकारली. एस०सी१, एस०सी४: तुमच्या असेंब्लरमध्ये चूक, बहुधा बेस रजिस्टर.

बी३७, डी३७, ई३७ म्हणजे जागा संपली. लिंकलिबसारख्या सिस्टिम लायब्ररीत ही वेळ आली तर घाईने आयईबीकॉपी लावून ती चालू सिस्टिममध्ये आवळू (मधली रिकामी जागा काढून टाकू) नका, कारण सिस्टिम त्याच क्षणी तीच लायब्ररी वाचत असते. आणखी एक अडचण आहे. लायब्ररीला नवा एक्स्टेंट (डिस्कवरचा जादा तुकडा) मिळाला तरी आयपीएलच्या वेळी बांधलेल्या लिंकलिस्टला तो दिसत नाही, आणि त्या भागात पडलेलं मॉड्यूल आणायला गेलं की अॅबेंड येतो, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच पडतो. अशा वेळी पुन्हा आयपीएल करा. आवळायचंच असेल तर दुसऱ्या सिस्टिमवरून ती डिस्क जोडून आवळा.

वर्ष भलतंच दिसत असेल तर घाबरू नका. न सुधारलेल्या ३.८ ला २००० च्या पुढची सालं झेपत नाहीत, म्हणून हर्क्युलिसमध्ये ‘वायआरऑफसेट’ ला उणे २८ देण्याची जुनी रीत आहे. २८ वर्षांनी वार आणि लीप वर्ष दोन्ही पुन्हा जुळतात.

आणि हो, ३२७० चं पोर्ट किंवा ८०३८ वरचा वेब कन्सोल इंटरनेटला उघडा ठेवू नका. पासवर्ड सगळ्यांना माहीत, टेलनेटला कूटबद्धता नाही, आणि हर्क्युलिसच्या कन्सोलवरून तुमच्या खऱ्या यंत्रावरच्या कमांडही चालवता येतात.

१०. टर्नकीची नवी आवृत्ती आली की

जुन्या डिस्क नव्या पॅकेजमध्ये टाकून बघू नका. तुमचे युजरमॉड जेसीएलसकट होस्टवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवा, गिटमध्ये ठेवलेत तर उत्तमच, आणि फाइलच्या नावात लावण्याचा क्रम घाला. नवी सिस्टिम उठली की आधी तिच्यात काय काय लागलंय त्याची सीडीएस सूची छापा, कारण तुमचाच एखादा बदल तिच्या जुळवणाऱ्यांनी वेगळ्या नावाने आधीच घेतलेला असू शकतो. मग एकेक करून रिसीव्ह आणि अप्लाय चेक. ज्याची व्हर ओळ जुळत नाही तो बाजूला ठेवा, नव्या मॉड्यूलची यादी एएमबीलिस्टने काढा आणि बाइट कुठे सरकलेत ते पाहून झॅप नव्याने लिहा. तुमचे स्वतःचे डेटासेट मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या डिस्कवर ठेवलेले असतील, तर ती डिस्क नव्या कॉन्फिगरेशनमध्ये एका ओळीने जोडायची आणि कॅटलॉगमध्ये नोंदवायची, एवढंच काम उरतं.